मिस्टर ब्राउनची सुट्टी

आमच्या सासूबाईंना हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर व्हायचं होतं. चादरींना इस्त्री करकरून त्यांचे खांदे भरून आले होते, आणि काल आलेल्या पोरी त्यांच्यावर हुकूम सोडत होत्या. घोडं अडलं होतं ते इंग्रजीच्या तोंडी परीक्षेपाशी. दोनदा आपटल्या होत्या; ही शेवटची संधी.

"पन्नाशी उलटल्यावर कसलं डोंबलाचं इंग्रजी!" सासरे सोफ्यावरून म्हणाले. मला असा राग आला की शिकवायचं मीच अंगावर घेतलं.

रोजचं भांडण 'सिन्स' आणि 'फॉर'शी. कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स', किती वेळ ते सांगायचं तर 'फॉर'. नियम तोंडपाठ, पण बोलायला गेल्या की हमखास उलटं. पुस्तकातले मिस्टर ब्राउन सकाळपासून बागेत खपत होते.

"खपू दे मेल्याला," सासूबाई जांभई देत म्हणाल्या. "माझं काय जातंय?"

तिथे माझी ट्यूब पेटली. ब्राउनला मी सुट्टी दिली आणि सोफ्याकडे बोट दाखवलं. "आई, यांच्याबद्दल सांगा."

सासूबाई पदर खोचून सरसावल्या. हे सकाळपासून टीव्हीपुढे आहेत, नळ महिनाभर गळतोय, ओला टॉवेल कालपासून पलंगावर आहे! सगळं इंग्रजीत, आणि एक शब्द चुकेल तर शपथ. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेर नखं कुरतडत उभी होते. घरच्यांबद्दल बोला, असं परीक्षक मॅडमनी आत इंग्रजीत सांगितलं. मी दाराला कान लावला.

आणि सुटल्या की हो सासूबाई! टीव्ही, टॉवेल, नळ, श्वास घ्यायलाही थांबेनात. मॅडम खळखळून हसल्या. "अँड द टॅप?"

"स्टिल लीकिंग, मॅडम! फॉर अ मंथ!"

बाहेर आल्या त्या पास होऊनच. भर कॉरिडॉरमध्ये आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता.

घरी सगळी हकिकत ऐकून सासऱ्यांची छाती फुगली. "म्हणजे माझ्यामुळेच पास झालीस की!"

"अगदी खरं," सुपरवायझरबाई म्हणाल्या. "तुम्ही जरा जरी सुधारला असतात, तर मी जन्मभर इस्त्रीच करत बसले असते."