धुराचं अंतर

तिसऱ्या झाकणाच्या कडेचा टवका उडालेला होता, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि विद्याश्रीची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. ग्लास अठरा. सहा ओळी, ओळीत तीन. काळ्या काचेचे, म्हणजे आतल्या रंगावरून काही ओळखता येऊ नये. प्रत्येकावर काचेचं झाकण, प्रत्येकाखाली तीन आकड्यांची चिठ्ठी. एक वाटी कोरे मुरमुरे, एक तांब्या पाणी, एक पेन्सिल, एक कागद. कागदावर सहा रिकाम्या चौकटी आणि वर एकच प्रश्न : तिनांतला वेगळा कोणता?

"झाकणं सगळी सारखी नाहीत," ती म्हणाली.

"आलं आमचं धुराचं यंत्र!" अनुराग हसला. "अगं, झाकण नाही चाखायचं. सावकाश होऊ दे. आमचं दोघांचं सकाळीच झालं, आम्हाला काही फरक कळला नाही. पण आम्हाला कधी कळतो? गगनला फिनाइल दिलंस तरी म्हणेल, मस्त बॉडी आहे."

टाकीजवळून गगन ओरडला, "ऐकू येतंय सर!"

"ऐकू येतंय, वास येत नाही," अनुराग म्हणाला आणि दार ओढून बाहेर गेला.

वास येत नाही. किती सहज म्हणाला तो — पुण्याहून या कानडी मुलखात येऊन विजयनगरात घर केलेला, नोकरी सोडून ही बिअरची छोटी ब्रुअरी काढलेला अनुराग, आणि गगनही कसा खदखदून हसला. ती हसली का? हसली असावी. गाल ताणल्याचं तिला जाणवलं होतं.

तिनं पहिलं झाकण उचललं, ग्लास नाकाशी धरला, दोनदा छोटा श्वास घेतला आणि मग एक लांब. थंडावा. दारूची बारीक टोच. बस. मग घोट — जिभेवर जाडसर, काकवीसारखं गोड, मागून भाजलेल्या कॉफीचा कडूपणा, गिळताना छातीत उतरत जाणारी ऊब. नऊ टक्के अल्कोहोलची ऊब, मोजून घ्यावी अशी. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मधोमध, जिथे धूर असायचा, तिथे काही नव्हतं. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे फिकट चौकोन उरतो, तसं... ती चौकोनाच्या कडा चाखत होती.

आणि धूर तर या काळ्या एलचा, या दाट बिअरचा, जीव. दलदलीत शतकानुशतकं दबून राहिलेली झाडंझुडपं, धड माती नाही की लाकूड नाही; ते पीट जाळून त्याच्या धुरावर वाळवलेलं माल्ट, म्हणजे मोड आलेलं सातू, अनुराग समुद्रापलीकडून मागवायचा. दोन वर्षांपूर्वी मुलाखतीला त्यानं त्या माल्टचे दहा दाणे चिरडून बशीत ठेवले होते आणि तिला डोळे मिटायला सांगून बशी लांबून जवळ आणली होती. तिला वास आला ते अंतर मोजायला तीस सेंटिमीटरची पट्टी पुरली नव्हती, टेप आणावी लागली. चौऱ्याहत्तर. "धुराचं यंत्र" हे नाव त्या दिवसाचं.

दुसरा ग्लास. गोड, कडू, ऊब. तिसरा. गोड, कडू, ऊब. टवक्याच्या झाकणाखालचा फेस किंचित लवकर विरतोय का? तेच पकडावं? पण झाकणाला टवका म्हणून हवा जास्त लागली असेल, बिअरचा काय संबंध? ती मुरमुरे चघळत राहिली. मुरमुरे कुरकुरीत होते. एवढं नक्की सांगता येत होतं.

तीन आठवडे. चार दिवसांचा ताप, मग उतरला, मग सर्दी गेली, आणि वास परतलाच नाही. काहींचा सहा आठवड्यांत येतो, काहींचा वर्षानं, काहींचा... तिनं त्यावरचे शोधनिबंध वाचले होते, टक्केवारीची टेबलं पाठ झाली होती. टेबलात आपण कुठल्या रकान्यात, हे टेबल सांगत नाही.

आज सकाळी चामराजपुरमच्या घरी दूध लागलं. ती शेगडीशेजारीच उभी होती, फोनवर तेच वाचत. बाबा — नरसिंगराव — अंगणातून धावत आत आले. "अय्यो! हालु सगळं सीदलं की गं! अंगणात वास आला मला, तू इथं उभी राहून काय करत होतीस?" पातेलं उतरवून ते थांबले. तिच्याकडे पाहत राहिले. मग हळूच, "जीभ बसली काय गं तुझी?"

"छे. फोन बघत होते, बाबा."

"सुम्ने, असंच विचारलं," ते म्हणाले आणि पातेलं घासायला घेतलं. तिला घासू दिलं नाही.

दुसरी ओळ. तिसरी. गोड, कडू, ऊब. गोड, कडू, ऊब.

जीभ बसणं हा रंगाऱ्यांचा शब्द. त्यांच्या घराण्यात आता कुणी कापड रंगवत नाही, पण बाबा वयाच्या तिशीपर्यंत काकांच्या रंगशाळेत होते. निळीचं पिंप तयार झालं की नाही हे बोट बुडवून जिभेला लावून ठरायचं, आणि ज्याची जीभ सर्दीतापानं बसली असेल त्यानं सकाळी आपला पाट उलटा ठेवायचा. बोलायचं काही नाही. उलटा पाट पाहिला की त्या दिवशी त्याला पिंपाशी कुणी बोलवायचं नाही, कारणही विचारायचं नाही. लहानपणी तिला ही गंमत वाटायची... उलट्या पाटावर बसून दाखवायची बाबांना.

मी बुधवारी काय केलं?

बुधवारी गगननं नव्या टाकीतला पहिला नमुना आणून दिला. हजार लिटरची टाकी. तिनं हुंगलं, चाखलं, आणि मागच्या वर्षीच्या वहीतलं स्वतःचंच वाक्य उतरवलं : "धूर स्वच्छ, जळत्या करवंटीसारखा. औषधी वास नाही." खाली सही. खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलंही नव्हतं; वाक्य वाचताना करवंटीचा वास खरोखर आल्यासारखा झाला होता — डोक्यात, नाकात नव्हे. चुकार यीस्ट शिरलं तर हाच धूर दवाखान्यासारखा होतो. ते नाकालाच कळतं. आणि नाक म्हणजे इथे फक्त ती.

चौथ्या ओळीशी तिच्या लक्षात आलं, आणि पेन्सिल थांबली. प्रत्येक ओळीत मागच्या वर्षीची चांगली एल आणि नव्या टाकीतली. एकीचे दोन ग्लास, दुसरीचा एक. तिला वेगळा ग्लास ओळखता आला, तर नव्या टाकीत काहीतरी शिरलंय. नाही आला, तर दोन्ही सारख्या, आणि सोमवारी बाटल्या भरायच्या. म्हणजे तिला न कळणं हेच टाकी निर्दोष असल्याचा पुरावा ठरणार होतं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनातला एक बरोबर येतो, म्हणजे सहात दोन. सहात दोन आले की अनुराग टाळी वाजवणार. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं...

नाडी तिनं मोजली : एकशे बारा.

पाचवी ओळ. तिनं सावकाश चाखली, जणू कुणी पाहतंय. सहावी. सहा चौकटींत सहा नंबर. शेजारी "खात्री" असा रकाना होता. एरवी ती तिथे टक्के लिहायची, नव्वद, पंच्याण्णव. तिनं सहाही ठिकाणी एकच शब्द लिहिला : अंदाज.

मग शेवटच्या ग्लासातली एल तिनं बादलीत ओतली आणि ग्लास टेबलावर पालथा घातला.

अनुराग उत्तरांची चिठ्ठी घेऊन आला. पेन्सिलीनं एकेक ओळ तपासत गेला. "सहात दोन. म्हणजे फरक नाही! गगन, सोमवार पक्का रे." मग त्याची नजर रकान्यावर गेली. "हे काय, सगळीकडे अंदाज?" आणि मग, "हा ग्लास पालथा का घातलायस?"

"सर, माल्टची बरणी आणता? पीटवाल्या."

"आत्ता?"

"दहा दाणे. आणि पट्टी." आवाज तिला वाटला होता तितका कापला नाही. "बुधवारचं मी वहीतून उतरवलं होतं."

तो बरणी आणायला गेला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिनं पाहिलं नाही, कारण तोवर तिनं डोळे मिटले होते. बत्त्याखाली दाणे चिरडल्याचा आवाज आला. दहा वेळा, तिनं मोजले. पट्टीची गार कड वरच्या ओठाला टेकली.

"तीस," अनुराग म्हणाला. "येतोय?"

"नाही."

"पंचवीस."

"नाही."

प्रत्येक "नाही" तिला स्वच्छ ऐकू येत होता. किती दिवसांत इतकं साधं उत्तर दिलं नव्हतं. छातीतली धडधड तशीच होती, पण आता ती कशावरून तरी काही ओळखायचा प्रयत्न करत नव्हती, फेसावरून नाही, झाकणावरून नाही, त्याच्या आवाजावरूनही नाही. नुसती थांबली होती.

"वीस... पंधरा... दहा, विद्याश्री."

"नाही."

"पाच."

"नाही. थांबू नका."

बशी पट्टीवरून घासत पुढे आली. तिनं श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"आता येतोय," ती म्हणाली. "किती?"

अनुरागनं वाकून पट्टी पाहिली.

"दोन सेंटिमीटर."