तणाची लाज

आंदालुसियातल्या त्या गावात ऑलिव्हच्या बागेत तण दिसलं, की धन्याची अब्रू गेलीच म्हणून समजा. म्हणून टेकडीवरच्या सोलर प्लांटची देखभाल हाती येताच फाउस्तोनं पॅनेलांखालची जमीनही अंगणासारखी लख्ख केली. ऑक्टोबरात पाऊस कोसळला. पॅनेलांवरून उघड्या मातीवर आदळलेलं पाणी घळी पाडत उतरलं आणि पायथ्याशी राहणाऱ्या त्याच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरलं.

"दादा, कुणाला दाखवायची होती रे ही स्वच्छता?" चिखल लोटत कासिल्दा कडाडली. "माती धरायला चार काड्या गवत तरी राहू द्यायचंस!"

फाउस्तोनं उतारावर आडवे चर खणले, टेकडीभर गवताचं बी फेकलं. वसंतात गवत गुडघ्याला लागलं. चौकातले म्हातारे खिदळले, "फाउस्तो, नांगर विकून खाल्लास की काय?" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गवताला त्यानं हात लावला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात तसाच पाऊस आला. फाउस्तो टेकडीवरून धावतच बहिणीच्या दारात पोचला.

"बूट बाहेर काढ," कासिल्दा म्हणाली. "आज घरात चिखल आणणारा तू एकटाच आहेस."