सहा बोटांची जळाई

भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरलं की काठाला काळी, भेगाळलेली जमीन उघडी पडते. एरवी तिथं म्हशींशिवाय कुणी फिरकत नाही. त्या रविवारी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो काय, रिक्षा काय, मोटरसायकली काय! कडेवर पोरं, हातात नारळाच्या पिशव्या. भेळवाला आला होता, बांगडीवालीनं चादर पसरली होती. आणि पाण्याच्या अगदी कडेला, चिखलात रोवलेल्या दोन बांबूंवर एक भलामोठा फ्लेक्स ताणलेला होता. त्यात पोती नि फावडी घेतलेल्या माणसांची दाटी, आणि दाटीच्या मधोमध हिरव्या साडीतली, कपाळभर कुंकू ल्यालेली एक बाई. उजवा हात वर केलेला. त्या हाताला बोटं सहा.

"मोजा!" गेनबा भगत कोकलत होता. "मोजा आन मग बोला! धरण बांधलं तवा आईचं देऊळ पाण्यात गेलं. जळाई माझी पाण्यात बसून ऱ्हायली. आता कली मातला, म्हनून वर आली! आदी शिळंत यायची, आता मोबाईलात येती. ज्येच्याकडं श्रद्धा हाय, त्येला रेंज हाय!"

"जळाईच्या नावानं चांगभलं!" गर्दी गरजली.

चार महिन्यांमागं हाच गेनबा गावोगाव जनावरांची दृष्ट काढत फिरायचा. म्हशींनी काही दाद दिली नाही, म्हणून गडी माणसांकडे वळला होता. आता तांब्यातलं धरणाचं पाणी लोकांच्या डोळ्यांत सोडून मोतीबिंदू उतरवत होता.

सोनिया रणपिसे स्कूटर लावते न लावते तोच चपलेसकट घोट्यापर्यंत चिखलात गेली. तशीच पुढं निघाली. भोरच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवणारी ही बाई वेळवंडी सेवा क्लबची सचिव होती आणि एका जागी स्वस्थ बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. सकाळी अश्विनीचा फोन आला तेव्हापासून तर तिच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता.

"मॅडम, सासूबाई आयकंनात, धरणावर निघाल्यात," अश्विनी रडकुंडीला आली होती. "म्हणत्यात, बेस्तरवारी म्या कुठं येत न्हाई. आई डोळा देणार हाय."

सासूबाई म्हणजे बनाबाई. डावा डोळा तरुणपणीच गेला, भात झोडताना कुसळ घुसलं म्हणून. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. गुरुवारी क्लबच्या नेत्रशिबिरातून पुण्याला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्यासाठी सोनियानं त्यांच्या ओसरीवर बसून किती विनवण्या केल्या होत्या, तिलाच ठाऊक. कुठं ती म्हातारी तयार झाली, आणि कुठं हा गेनबा उपटला!

वाटेत बाभळीखाली कोंडिबा पैलवान डोळ्याला उपरणं लावून बसलेले दिसले. सोनियानं उपरणं बाजूला केलं. डोळा लालबुंद, सुजून बंद झालेला, कडेनं पू वाहत होता.

"कधीपासून हे?"

"परवा पानी घातलं, काल ठणका लागला. गेनबा म्हनतो मळ निघतोय. निघू दे म्हनला."

"मळ नाही हो मामा, पिकलाय डोळा. दवाखान्यात चला. इथून हलू नका, मी आलेच."

बनाबाईंचा एकुलता एक डोळा आणि त्यात हे पाणी! ती जवळजवळ पळतच रांगेकडे निघाली. रांग म्हशीच्या शेपटासारखी हलत होती, बनाबाई कुठं आहेत ते दिसेना. आणि मध्येच तिला काय दिसावं? निळा मंडप. मंडपावर पाटी: वेळवंडी सेवा क्लब, भाविकांसाठी मोफत पाणीवाटप!

मंडपात अध्यक्ष हनुमंतराव धुमाळ स्वतः बाटल्या वाटत होते. भोरला त्यांचं खतांचं दुकान, क्लबवर भारी जीव. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"या मॅडम, या! आपल्या उपक्रमाला अशी गर्दी कधी पाहिली होती का? आणि आईसुद्धा प्रगटली ती आपल्याच फोटोत! आपल्या श्रमदानाच्या!"

फोटो! सोनिया गर्रकन वळली आणि फ्लेक्सकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. दोन आठवड्यांपूर्वी क्लबनं याच काठावरचं प्लॅस्टिक उचललं होतं. 'श्रमदानास उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी बातमी आली, फोटो छापून आला. तिनंही पाहिला होता की. पण पाहिलं काय? तर स्वतःचा पदर नीट आहे ना, एवढंच. हनुमंतरावांनी स्वतःची टोपी पाहिली असणार. गटाच्या फोटोत माणूस स्वतःला सोडून कुणाला बघतो?

"अध्यक्ष," ती म्हणाली, "त्या दिवशी आपण किती जण होतो?"

"होतो की... बरेच."

"सात! बाकीचे कामथडीला लग्नाला गेले म्हणून तुम्हीच शिव्या घातल्या होत्या. आणि या फोटोत पन्नास माणसं कुठून आली?"

मंडपाच्या मागून कुणीतरी हळूच सटकत होतं. सोनियानं हाक मारली, "सोमनाथ!"

सोमनाथ शेटे तिचा जुना विद्यार्थी. भोरला मोबाईलचं दुकान, आणि क्लबचा प्रसिद्धीप्रमुख. वर्गात गुटख्याची पुडी लपवताना पकडलं की जसा उभा राहायचा, तसाच मान खाली घालून उभा राहिला.

"मॅडम, फोटोत सात टाळकी अगदीच केविलवाणी दिसत होती हो. एक फुकटचं ॲप आहे. त्याला लिहिलं, माणसं वाढव, दोन-चार बायकाही घाल. घातली त्यानं. बातमी झोकात आली. मग लोक विचारायला लागले, ही मधली बाई कोण? मी गप्प बसलो. वाटलं, विसरतील. तेवढ्यात गेनबानं..."

"आणि तू इथं बाटल्या वाटतोयस! कोंडिबांचा डोळा बघितलास?"

"मॅडम, हळू," हनुमंतराव कळवळून म्हणाले. "फोटो खोटा म्हटलं तर क्लब खोटा ठरेल. पुण्याचे डॉक्टर गुरुवारी शिबिराला येतील का? लोक आपल्या शिबिराच्या बसमध्ये चढतील का? एक आठवडा जाऊ द्या, आपोआप थंड होईल सगळं."

हनुमंतराव म्हणत होते त्यात तथ्य होतं. शिबिर मोडलं तर बनाबाईंसारख्या कितीजणी अंधारात राहतील? पण तेवढ्यात रांगेचं पुढचं टोक तिच्या नजरेस पडलं. अश्विनीच्या खांद्यावर हात ठेवून बनाबाई गेनबासमोर बसत होत्या. मान मागं टाकलेली, उजवा डोळा बोटांनी ताणून उघडा धरलेला.

"आठवडा?" सोनिया म्हणाली. "त्या बाईकडे एक मिनिट नाही!" आणि सोमनाथचं मनगट धरून तिनं गर्दीत मुसंडी मारली. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणाची परडी कलंडली, कुणी शिवी हासडली. गेनबानं तांब्या कलता केला. पाण्याची धार पडली ती सोनियाच्या तळहातावर.

"अगं बया! कोन हाय त्ये?" बनाबाई दचकल्या.

"मी सोनिया, आजी. डोळा मिटा. आधी डोळा मिटा."

गेनबानं तिला खालीवर न्याहाळलं. "मॅडम, तुमच्यात देव मानत न्हाईत, आमाला ठाव हाय. नगा मानू. पर आमच्या आडवं का येता?"

"व्हय, व्हय! बाजूला व्हा!" मागून कालवा उठला. एकानं तिचा दंडही धरला.

"देवाचं राहू द्या," सोनिया ओरडली. "माझं भांडण या पाण्याशी आहे. यात म्हशी डुंबतात. कोंडिबा मामांचा डोळा बघून या जा. पू झालेल्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टर करत नाहीत. आणि गेनबा, तुमचा एक फोटो काढू का? एकट्याचा?"

फोटोला गेनबा कधी नाही म्हणाला नव्हता. तांब्या उंचावून, छाती काढून तो पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. सोमनाथनं फोटो काढला. सोनियानं तो बांगडीवालीला दाखवला. "मावशी, यांच्या मागं कोण आहे?"

"कोन न्हाई. निस्तं पानी."

सोमनाथनं ॲपमध्ये काहीतरी लिहिलं. रेंजची एकच काडी. गोल गोल फिरणारं चक्र काही थांबेना. लोकांची चुळबुळ वाढली. मग फोटो उमटला. गेनबाच्या मागं, पाण्यात पाय सोडून, हिरव्या साडीतली बाई! फोन या हातातून त्या हातात गेला.

"आली! आई आली!" गेनबानं चिखलात लोटांगणच घातलं. बायकांनी हात जोडले. कुणी हुंदका दिला. सोनियाच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलो काय आणि झालं काय! आता या लोकांना ॲप देव्हाऱ्यात ठेवायला सांगायचं तेवढं बाकी होतं.

"सोमनाथ," ती दातओठ खात म्हणाली, "आता बिबट्या घाल."

पुन्हा चक्र फिरलं. पुन्हा सगळे माना उंचावून उभे. फोटो उमटताच सोनियानं फोन गेनबाच्या नाकासमोर धरला आणि किंचाळली, "गेनबा, मागं बघा!"

फोटोत गेनबाच्या मानेवर श्वास टाकत एक अक्राळविक्राळ बिबट्या उभा होता. गेनबा टुणकन उडाला, तांब्या एकीकडे, पागोटं दुसरीकडे, आणि तीन ढांगांत गर्दीत घुसला. मागं नुसतं पाणी चमकत होतं. मग बांगडीवाली फिस्सकन हसली आणि सगळा काठ हसायला लागला.

"का हो गेनबा, बिबट्याबी पान्यातनंच वर आला का?"

"त्येच्यापुढं नारळ फोड की!"

सोनियानं सोमनाथला पुढं ढकललं. तो मान वर न करता बोलला, पण मोठ्यानं बोलला. "फोटोतली माणसं मीच वाढवली. आम्ही सातच जण होतो. ही हिरव्या साडीतली बाई नव्हतीच. ॲपला नुसतं सांगायचं, ते हजारो फोटो बघून तसंच चित्र ओढून देतं. बोटं कशासाठी असतात, किती असतात, त्याला काही कळत नाही. त्यात हे फुकटचं, ते आणखीच चुकतं. म्हणून सहा झाली."

हसू थांबलं. "म्हंजी तुमीच आमाला फसवलं!" एक जण पुढं आला. "समाजसेवा म्हनं! आन तुमच्या शिबिरात आमी डोळं द्यायचं?"

हेच ते! हनुमंतराव म्हणाले होते तसंच झालं. सोनियाला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात हनुमंतराव स्वतःच गर्दीतून वाट काढत आले. टोपी हातात घेतलेली.

"फसवलं," ते म्हणाले. "मोठं दिसायची हौस आमची. आम्हाला काय बोलायचं ते बोला. पण डॉक्टर खरे आहेत, त्यांना ॲपनं काढलेलं नाही. माझा टेम्पो आहे, कोंडिबांना आत्ता दवाखान्यात नेतो. ज्यांच्या डोळ्यात पाणी गेलंय त्यांनी चला. आमच्याबरोबर नको असेल तर एसटीनं जा, पण जा."

लोक कुजबुजू लागले. कुणी पुढं येईना. बनाबाई अजून खालीच बसल्या होत्या, डोळा घट्ट मिटून.

"अश्विनी," त्या म्हणाल्या, "त्या फोटूत हाय तरी काय गं?"

"म्हंजे? तुमी बघितला न्हाई?"

"मला कुठं दिसतंय! समदी म्हनली आई हाय, म्हनून म्याबी म्हनलं आई हाय." त्यांनी सोनियाचा हात चाचपून धरला. "पोरी, बेस्तरवारी मला घिऊन चल. आदी बघते. मग ठरवते."

त्या उठल्या आणि अश्विनीला धरून टेम्पोकडे चालू लागल्या. त्यांच्यामागं आणखी दोघी उठल्या, मग एक म्हातारा. गेनबाचा पत्ता नव्हता. तांब्या तेवढा चिखलात पडून होता.

कोंडिबांचा डोळा औषधानं बचावला. शिबिर झालं, बस अर्धी रिकामी गेली. बातमीतल्या फोटोत मोजून खरी तेवढीच माणसं होती, आणि हनुमंतरावांनी तो छापायला देताना एक सुस्कारा सोडला.

पट्टी सुटली त्या दिवशी सोनिया बनाबाईंच्या ओसरीवर गेली. काळा चष्मा लावून त्या ऐटीत बसल्या होत्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो फोटोचाच. सोनियानं फोन पुढं केला. बनाबाईंनी तो जवळ धरला, लांब धरला, कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हिला बोटं सा हाईत, खरंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोटोच्या कडेला बोट टेकवलं. "आन ह्यो फावडंवाला बाप्या? ह्येला दोन्ही हात डावंच हाईत की गं! मग ह्येच्यापुढं का न्हाई कुनी नारळ फोडला?"

सोनियानं फोन ओढून घेतला. खरंच की! दोन्ही अंगठे एकाच बाजूला. तिनं तो फोटो किती वेळा पाहिला असेल, आणि त्या काठावर आलेल्या हजारभर लोकांनीही. कुणाला दिसलं नाही, कारण बघायचं काय ते आधीच सांगितलं गेलं होतं. एका डोळ्याची म्हातारी कुणाचं न ऐकता बघत बसली, तिला दिसलं. चमत्कार तुमच्याही मोबाईलवर येईल, कदाचित उद्याच येईल, आणि सोबत कुणीतरी हात जोडायला सांगेल. जोडण्याआधी फोटोतले हात एकदा नीट बघा.