ठेकूची जवळीक

ठेकू आल्यापासून वृद्धांच्या केंद्रातल्या मॅनेजरबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. ठेकू म्हणजे गुडघ्याएवढा, रबरी चेहऱ्याचा रोबोट. समोरच्या म्हाताऱ्याने टाळी वाजवो की बोट आपटो, तो ताल पकडायचा, त्याच तालात मान डोलवायचा आणि हसायचा. ताल जितका वेळ जुळे, तितका त्या माणसाचा 'जवळिकीचा आकडा' शंभराकडे चढायचा. ताल पकडण्याचा प्रोग्राम इथेच राहणाऱ्या पेंटरमामांच्या भाचीने लिहिला होता. मामा म्हणजे उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या, पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस. आता कंपवाताने उजवा हात थरथरायचा.

"तुमच्या मामांनी बाजी मारली!" बाई म्हणाल्या. "जवळिकीचा आकडा चौऱ्याण्णव! बाकीच्यांचा चाळीसच्या आसपास. आज तुमची सही झाली की ठेकूला सगळ्या केंद्रांत पाठवू."

भाची बघायला गेली. मामांचा हात मांडीवर थरथरत होता, सेकंदाला पाच वेळा. समोर ठेकूची मान हलत होती, सेकंदाला पाच वेळा, तोंडभर हसत. लंगड्यामागे एखाद्या टवाळाने लंगडत जावं तशी. भोवतीचे चौघे कौतुकाने बघत होते.

चाचणी तिने ऑफिसातल्या धडधाकट लोकांवरच घेतली होती. थरथर आणि ताल वेगळे काढायचे असतात, हे तिला सुचलंच नव्हतं.

मामांनी हात मांडीखाली दाबला. ठेकूचे ओठ लोंबले, हुंदका निघाला.

"अगंबाई, रुसला! काढा हो हात, पेंटरमामा. रडवता कशाला बिचाऱ्याला?" त्या चौघांपैकी एक आजी म्हणाल्या.

मामांनी मुकाट्याने हात काढला. ठेकू खुलला.

"रोज असंच?" भाचीने विचारलं.

"रोज. खोलीत जेवतो म्हटलं, तर माणूसघाणा ठरलो." मामांनी हनुवटी पुसली. "लाळेचीही नक्कल शिकव त्याला. तेवढीच राहिलीय."

भाचीने ठेकूचं बटण बंद केलं. रबरी गाल दहा जणांच्या हातांनी चिकट झाले होते. अर्धवट हसू तसंच राहिलं.

"अहो, चांगला हसत होता की!" बाई धावत आल्या.

"तो हसत होता. मामा नाही." तिने मंजुरीच्या कागदावर सहीच्या जागी लिहिलं: चौऱ्याण्णव हा आजाराचा आकडा आहे, चूक माझी. पाठवू नये.

"झालं! आता माझ्या नावाने खडे फोडतील सगळे," मामा म्हणाले. मग शेजारची खुर्ची त्यांनी पायाने सरकवली. "जेवायची वेळ झालीय. हात धुऊन ये."

तिने साबण लावून तीनदा हात धुतले. रबराचा वास जाईना.