गोळाभाताची तोंडी परीक्षा

“मॅडम, एक गोला और!” बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी ताट पुढे केलं.

वसुंधराने गोळा वाढला, वर फोडणीचं तेल सोडलं. दुर्गजवळच्या मरोद्याच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या, पन्नाशीतल्या या बाईचा आज पीएच.डी.चा पहिला दिवस होता. परीक्षा सुशीलची होती. पण विभागाची रीतच तशी : जुन्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा असली की परीक्षकांचं जेवण नव्या विद्यार्थ्याने आणायचं. “घरचं पायजे ताई, साहेबांले हॉटेलचं पचत नाही,” मार्गदर्शक डॉ. प्रशांत यांनी बजावलं होतं. सुशीलचा प्रबंध मात्र साहेबांना न चावताच पचला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही परतीच्या गाडीचा.

“सर, माझ्या विषयाचं काय?” वसुंधराने प्रशांत यांना विचारलं.

पहिलीतली पोरं बोटांवर मोजतात. मास्तर हातावर मारून ती सवय मोडतात, आणि पोरं गणितालाच भिऊ लागतात. ती बोटं आपसूक कधी सुटतात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठीच तर या वयात प्रवेशपरीक्षा दिली होती.

“बोटं? बोटं कावून?” प्रशांत हसले. “स्मार्ट बोर्डाचा परिणाम घ्या. सुशीलनं रायपूर केलं, तुमी दुर्ग करा. बाकी तेच.”

“अन् निष्कर्ष?”

“तोबी तोच!”

“काकू, टेन्शन मत लो,” नवा डॉक्टर सुशील बडीशेप चघळत म्हणाला. “मी फाइल देतो ना.”

“मले बोटांचंच करायचं हाय, सर.”

प्रशांत यांचं हसू गेलं. “मंग गाईड दुसरा पाहा. अन् या विषयाले इथं दुसरा कोणी नाही, सांगून ठेवतो.”

पहिलीतलं पोरगं पाटीवर दुसऱ्याचं पाहून लिहिताना सापडलं तर निदान कान लाल होतात त्याचे. ही माणसं लाजेची इयत्ता केव्हाच ओलांडून गेली होती.

“मॅडम, थोड़ा और...” ताट पुन्हा पुढे आलं.

वसुंधराने पातेल्यावर झाकण ठेवलं, दोन्ही कड्या धरून ते उचललं आणि ती बाहेर पडली. मागून कोणीतरी हाक मारली. ती थांबली नाही.

फाटकापाशी ऑटो उभा होता.

“मौसी, शादी से आ रही हो?” पातेलं पाहून ऑटोवाल्याने विचारलं.

“नहीं बेटा, पीएच.डी. से.”

त्याला काही कळलं नाही. त्याने पातेलं तिच्या हातातून घेऊन पुढे नीट ठेवलं, आणि मागची गादी फडक्याने झटकून तिला म्हणाला, “बैठो.”