कणकेचं कडं

एलिओ ओलिवेरा भर उन्हाळ्यात गेला आणि त्याच्या बायकोच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. गावाला चघळायला तेवढं पुरे होतं. देल्मिराला गावाची पर्वा नव्हती; भीती वाटत होती ती स्वतःचीच. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस जातो आणि आत काहीच हलत नाही, म्हणजे आत मुळात काही होतं तरी का?

गुड फ्रायडेला मांस वर्ज्य, म्हणून घरोघरी पास्कुआलिना. हाताला सवय म्हणून तिनेही केली. पालक उकडून पिळला, त्यात चीज कालवलं, सारणात खळगे करून अंडी फोडली, वर पातळ पोळ्यांचे थर दिले. शेवटी नवऱ्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर, रोमन लिपीतला O, म्हणजे कणकेचं गोल कडं, चिकटवलं. त्या दिवशी सगळ्या गावाच्या पास्कुआलिना बासिलिओच्या बेकरीत भाजल्या जातात. खूण नसेल तर कुणाची कुठली कळायची कशी? आर्मेनियन बिऱ्हाडाचं बरं, त्यांचे पालकाचे त्रिकोण लांबूनच ओळखू येतात.

दुपारी नणंद नीबिया भाजलेली पास्कुआलिना घेऊन आली.

"वहिनी, खाऊन घे. आणि रडूनही घे बाई एकदाचं. लोक मला विचारतात."

"त्यांना सांग, पाणी आलं की कळवते."

देल्मिराने घास घेतला. दाताखाली मनुका आली. मग दुसरी. एलिओ दरवर्षी म्हणायचा, थोड्या मनुका घाल की. आणि ती दरवर्षी म्हणायची, ही काय खीर आहे? ती शांतपणे उठली, कापलेली पास्कुआलिना फडक्यात बांधली आणि बेकरीत गेली.

"बासिलिओ, ही माझी नाही."

"कडं तर ओलिवेरांचंच..." म्हणता म्हणता बासिलिओची नजर कोपऱ्याकडे गेली.

कोपऱ्यात एक बाई उभी होती. रुळांपलीकडची शिवणकाम करणारी सुल्मा. तिच्या हातातल्या ताटात देल्मिराची पास्कुआलिना होती. बासिलिओला अचानक भट्टीत काहीतरी काम निघालं.

"दरवर्षी माझंच अक्षर लावते," सुल्मा खाली बघत म्हणाली. "यंदा वाटलं, एकदा तरी त्याचं लावावं. चुकलं माझं."

देल्मिराला सगळं कळलं. तरी काही वाटलं नाही. परक्याच्या घरातलं भांडण ऐकावं तसं ते तिने ऐकून घेतलं.

"तुझ्याकडे मनुका खायचा तर," ती म्हणाली.

"मला आवडत नाहीत हो, बाई. पण त्याचा हट्ट. म्हणायचा, घरी देल्मिरा घालते तश्शी कर. किती वर्षं केली! कधी पसंत नाही पडली. दर वेळी म्हणायचा, छान आहे, पण देल्मिराच्या हातची चव नाही."

"मी कधीच घातल्या नाहीत."

सुल्माने मान वर केली.

जी देल्मिराने एकदाही करून वाढली नाही, त्या मनुका घातलेल्या पास्कुआलिनाचं कौतुक तो दुसरीच्या घरी बसून करत होता. देल्मिराला संताप आला, त्याच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

"लबाडा!" ती ओरडली. "अरे, एक मूठ मनुका! तेवढ्यासाठी भांडायचं होतंस की माझ्याशी!"

आणि मैद्याच्या पोत्यावर बसून ती हमसाहमशी रडू लागली. तिला धरायला तिथे सुल्माखेरीज कुणी नव्हतं.