अर्धी गोळी

“आज तरी अख्खी घ्या,” सुहासिनी म्हणाली.

मी बशीतली गोळी अडकित्त्यात धरून मधोमध तोडली. एक अर्धुक तोंडात टाकलं, दुसरं शर्टाच्या खिशात ठेवलं. सुपारी सुटून चार-पाच वर्षं झाली, पण अडकित्त्याला अजून काम आहे.

“अहो, लेक जायची आज. घरात जावई आहेत. त्यांच्यासमोर कळ आली म्हणजे?”

मी हाताचा पंजा हलवला. याचा अर्थ ‘बघू’. आमच्या घरात ‘बघू’ला खूण आहे, ‘आमटीत मीठ नाही’ला खूण आहे, आणि ‘तुझा भाऊ मुक्काम कधी हलवणार’ यालाही आहे. ही शेवटची सुहासिनीला बरोबर कळते, पण कळलं नाही असं ती दाखवते. आत्ताही तिने तेच केलं आणि कोमट चहाची वाटी पुढे सरकवली. चहा मी चमच्यानं पितो, डाव्या बाजूनं. घोट उजवीकडे गेला तर दिवस गेला.

माझ्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूच्या नसेत बिघाड आहे. वारा लागला, दाढीचा ब्रश फिरला, घास चावला, कधी नुसता ‘प’ म्हणायला ओठ मिटले, की जबड्यापासून डोळ्यापर्यंत कळ जाते. विजेची उघडी तार हिरडीला टेकवावी तशी. मिनिटभरच असते, पण त्या मिनिटात मला बायको, मुलगी, देव, कुणीही आठवत नाही. मग ओसरते आणि पुढची कधी येईल याची वाट बघायला लावते. म्हणून माझी दाढी डावीकडे गुळगुळीत असते आणि उजवीकडे आठ-आठ दिवसांची. स्टँडवरचे लोक मला आधी नवस आहे का विचारायचे. आता विचारत नाहीत.

सुरुवातीला सगळ्यांनी ठरवलं की दाढ किडली. मीही ठरवलं. कराडात एकाकडून एक दाढ काढून घेतली. कळ तशीच. मग शेजारची काढली. तिसरी तर मी स्वतः हट्टानं काढायला लावली, डॉक्टर नको म्हणत असताना. शेवटी मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले, कापसाचा बोळा गालावरून फिरवला, मी खुर्चीतून उडालो, आणि ते म्हणाले, “दात तुमचे उत्तम होते हो.” ‘होते’ हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. भला माणूस.

त्यांनी ही गोळी दिली. पहिल्या आठवड्यात मी भाकरी चावून खाल्ली आणि चावता चावता रडलो. पुढे गोळी पुरेना, म्हणून वाढवली. मग चालताना भिंत जवळ यायला लागली, एकाच्या दोन गाड्या दिसायला लागल्या, जीभ जड झाली. आणि गावांची नावं जायला लागली. माझ्यासारख्या माणसाची गावांची नावं गेली तर उरलं काय?

मी एसटीत वाहतूक नियंत्रक. कराड स्टँडवर भोंग्यातून जो आवाज यायचा, तो माझा. मूळचा वाईचा, आवाज आजोबांकडून आलेला. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी करत नसेल तर काय करायचं? बाकीचे नियंत्रक ‘अमुक गाडी तमुक फलाटावर’ इतकं बोलून मोकळे व्हायचे. मी थांबे सांगायचो. सगळे, ओळीनं. म्हातारी माणसं बोर्ड वाचत नाहीत, त्यांना आपल्या गावाचं नाव कानावर पडलं की धीर येतो. आणि खरं सांगायचं तर मला ती नावं म्हणायला आवडायची.

श्रद्धा लहान असताना तिला गोष्टीनं झोप येत नसे. “अप्पा, आज कुठली गाडी?” असं विचारायची. मग मी तिच्या कानाशी तोंड नेऊन गाडी सोडायचो. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. कराडहून वडूजला जाणारी गाडी... बनवडी, कोपर्डे, मसूर, अंतवडी, शामगाव, पुसेसावळी...” पाटणची गाडी असायची, चिपळूणची असायची, पण तिची आवडती वडूजची. का, ते तिलाच ठाऊक. पुसेसावळीच्या पुढे ती कधी जागी राहिली नाही. वडूज मी रोज एकटाच गाठायचो.

आणि तिचं लग्न ठरलं ते वडूजच्या अवधूतशी! शाळेत मास्तर आहे, सरळ मुलगा. ठरलं त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघं हसलो. हसलो आणि मी गाल धरून बसलो.

लग्नात मी अख्खी गोळी घेतली होती. अख्खीच काय, वरती आणखी अर्धी. तरी मंगलाष्टकांत कुणीतरी मागून जोरात अक्षता फेकल्या आणि एक दाणा उजव्या गालावर बसला. तांदळाचा एक दाणा. मी खांबाला धरून खाली बसलो, डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळा मांडव हळहळला. “बापाचं काळीज बघा,” बायका म्हणाल्या. व्याह्यांनी पाठीवर हात फिरवला. श्रद्धाही अंतरपाटापलीकडून माझ्याकडे बघून रडायला लागली. आणि मी? मी फक्त दुखण्यानं रडत होतो. लेक सासरी निघाली हे त्या वेळी माझ्या मनातही नव्हतं. कळ ओसरेपर्यंत माळा पडल्या होत्या, वाजंत्री सुरू झाली होती, आणि माझं खरं रडणं राहूनच गेलं.

आज मांडवपरतणीनंतर ती जायची होती. साध्या एसटीनं, दुपारच्या वडूज गाडीनं. आणि पुढच्या सोमवारी मला मिरजेला जायचं होतं. गोळीनं भागत नाही म्हणून डॉक्टर नसेत इंजेक्शन देणार आहेत. कळ थांबेल, वर्षभर, कदाचित जास्तही. पण ओठ, हिरडी आणि जिभेची उजवी बाजू बधिर होईल. बोलणं थोडं बोबडं होईल, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. डोकं उघडून करायचं मोठं ऑपरेशनही असतं म्हणाले, पण ते पुण्या-मुंबईला, आणि ते ऐकूनच सुहासिनीनं पदराचं टोक तोंडात धरलं. मी इंजेक्शनाला हो म्हटलं. मला कळ नको आहे. ज्याला ती होते तोच जाणे, तिच्या बदल्यात जीभ काय, मी कानही दिला असता.

फक्त त्याआधी एकदा, माझ्या शाबूत तोंडानं, मला लेकीची गाडी सोडायची होती. अख्खी गोळी घेतली तर नावं जातात. घेतलीच नाही तर तोंड उघडत नाही. म्हणून अर्धी. हा हिशेब सुहासिनीला खुणेनं सांगता येण्यासारखा नव्हता.

अडचण आणखी एक होती. मला भोंग्यावरून उतरवलं होतं. गोळी वाढवली त्या दिवसांत मी पाटण गाडीचा फलाट चुकीचा सांगितला. अंबूबाई नावाची एक म्हातारी माझ्या आवाजाच्या भरवशावर त्या फलाटावरच्या गाडीत जाऊन बसली आणि मसूरला उतरली. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन थेट खिडकीशी आली.

“आवं सायेब, माजी नात पाटणला बाळातीन हाय, आन् तुमी मला मसूरला धाडलं? डिंकाचं लाडू मसूरला कुनाला चारू?”

मी हात जोडले. तिने माझा वाकडा चेहरा बघितला आणि पाटीतला एक लाडू काढून माझ्या टेबलावर ठेवला. मला तो चावता आला नाही. पण साहेबांच्या कानावर गेलं आणि मी पासाच्या खिडकीत आलो. तिथं बोलावं लागत नाही. भोंगा आता लालासाहेबकडे आहे. पोरगा चांगला, पण थांबे सांगत नाही. एकदा खुणेनं विचारलं तर म्हणाला, “बोर्डावर लिवल्यात की, हरिभाऊ.”

दुपारी सुहासिनीनं लेकीची ओटी भरली. श्रद्धा माझ्या पाया पडली, उठली आणि सवयीनं डाव्या बाजूला आली. गेली कित्येक वर्षं ती माझ्या डाव्या बाजूनंच चालते.

“अप्पा, तुम्ही काही बोलू नका हं,” ती म्हणाली. “मला सगळं कळतं.”

कळतं, मान्य आहे. पण मुलीला सगळं कळतं म्हणून बापानं काही म्हणूच नये का? मला किती बोलायचं होतं! सकाळी लवकर उठत जाऊ नकोस एवढं सांगायचं होतं. कंटाळा आला तर पत्र नको, सरळ गाडीत बस, असं सांगायचं होतं. ती दहावीत गेल्यापासून मी तिच्याशी सलग चार वाक्यं बोललेलो नाही.

स्टँडवर वडूज गाडी लागलेली होती. अवधूतनं खिडकीची जागा धरली. सुहासिनी खिडकीखाली उभी राहून पिशवीत काय काय आहे ते तिसऱ्यांदा सांगू लागली. मी गालाला मफलर गुंडाळून कंट्रोलच्या खोलीत शिरलो.

“या हरिभाऊ. लेकीला बशिवलं न्हवं गाडीत?” लालासाहेब म्हणाला.

मी मान हलवली आणि माइककडे बोट केलं.

त्याला लगेच कळलं. त्याने दाराबाहेर डोकावून बघितलं. “सायेब जेवाय गेल्यात. पर हरिभाऊ, तुमाला सोसंल का? मागच्या बारीला लय वंगाळ झालतं.”

“एक,” मी म्हणालो. “एकच गाडी.”

सकाळपासूनचे ते माझे पहिले शब्द. कळ आली नाही. लालासाहेब खुर्चीवरून उठला आणि रुमालानं माइक पुसून माझ्यापुढे ठेवला. असं पुसायला मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.

मी बटण दाबलं. भोंग्यात खरखर झाली.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे.”

माझा आवाज स्टँडवर पसरला आणि मलाच ओळखीचा वाटेना. खिडकीतून मला गाडी दिसत होती. श्रद्धा आईशी बोलता बोलता थांबली. तिने मान वर केली.

“कराडहून वडूजला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. ही गाडी... बनवडी... कोपर्डे...”

तिने खिडकीच्या गजाला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. अवधूत काहीतरी विचारत होता, बहुतेक झोप आली का म्हणून.

“...मसूर, अंतवडी, शामगाव...”

एकही नाव गेलं नव्हतं. सगळी होती, आपापल्या जागी. पुढचं नाव पुन्हा ‘प’चं. मी ओठ मिटले.

“पुसे...”

आणि आली. जबडा, गाल, डोळा, सगळं पेटलं. मी टेबलाची कड धरली. भोंगा नुसता खरखरत होता. लालासाहेबनं हात पुढे केला, “द्या हिकडं, म्या सांगतो,” पण मी माइक सोडला नाही. बाहेर माणसं भोंग्याकडे बघायला लागली. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. मला वाटलं, झालं, संपलं, आजही पुसेसावळीलाच राहिलं.

पण श्रद्धाने डोळे उघडले होते. ती सरळ बसली होती, गज दोन्ही हातांनी धरून, भोंग्याकडे बघत. ती वाट बघत होती.

“पुसेसावळी,” मी म्हणालो. प्रत्येक अक्षराला कळ होती. तरी म्हणालो. “आणि वडूज.”

बटण सोडलं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागे सरली, वळली. श्रद्धाने हात बाहेर काढला, सुहासिनीकडे नाही, कंट्रोलच्या खिडकीकडे. मग गाडी फाटकाबाहेर गेली आणि तिथं नुसती धूळ राहिली.

कळ ओसरली. मिनिटभराचीच ती, नेहमीप्रमाणे निघून गेली. गाल शांत झाला, अगदी निरोगी माणसासारखा. आणि मी रडायला लागलो. माझी पोर गेली. रोज माझ्या आवाजावर निजणारी पोर गेली, आणि आता घरी जाताना डाव्या बाजूला कुणी चालणार नव्हतं. थांबवावंसं वाटलं नाही, आणि थांबलंही नसतं.

लालासाहेब घाबरला. त्याने माठातलं पाणी आणलं, माझा खिसा चाचपला, उरलेली अर्धी गोळी काढून माझ्यापुढे धरली.

“लय दुकतंय व्हय, हरिभाऊ?”

मी त्याच्याकडे बघितलं. मान हलवून हो म्हटलं, आणि गोळी घेतली.